दरी मोजायचीच नाही, असं ठरलं तर

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २०२५च्या फेब्रुवारी-मार्चपासून शेकडो संशोधन अनुदानं अर्ध्यावरच रद्द केली. त्यांत मोठा भरणा होता तो वंश आणि समाजगटांनुसार आरोग्यात पडणाऱ्या दरीचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पांचा. ही वर्गवारीच कृत्रिम आणि अशास्त्रीय आहे, अशा आशयाचं कारण अनुदान रद्द झाल्याच्या पत्रांमध्ये दिलं होतं. जूनमध्ये बोस्टनचे संघीय न्यायाधीश विल्यम यंग यांनी ही कारवाई बेकायदा ठरवली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सरकारला तूर्त मोकळीक दिली आणि अनुदानाच्या पैशांचे दावे दुसऱ्या न्यायालयात नेण्यास सांगितलं. असं संशोधन व्हावं की नाही, या मूळ प्रश्नाला त्या निकालाने हात घातला नाही. तो प्रश्न लोकांच्या वादात शिल्लक राहिला आहे, आणि तिथे त्याचे हाल चालले आहेत.

न्यू जर्सीपासून पुण्यापर्यंत आपल्या माणसांमध्ये ही चर्चा ऐकली की दोन सूर ठरलेले असतात. एक म्हणतो, रोग काही माणसाचा वर्ण बघून येत नाही, मग सगळ्यांच्या करातला पैसा ठरावीक गटांसाठी का? दुसरा म्हणतो, हा उघड वंशद्वेष आहे, विषय संपला. दोघांचाही वाद ‘कुणाला द्यावं’ यावर चालतो. या पैशाने आजवर काय मिळालं, ते कुणी विचारत नाही. माझं मत असं आहे की ही अनुदानं चालू राहिली पाहिजेत, आणि ती कुणावर केलेली मेहेरबानी म्हणून नव्हे. आधुनिक वैद्यकाचं बरंचसं ज्ञान एका विशिष्ट गटाच्या शरीरांवरून आणि आयुष्यांवरून उभं राहिलं, मग ते सगळ्यांना लावलं गेलं. त्यात राहिलेल्या चुका शोधायचं आणि दुरुस्त करायचं काम हा पैसा करतो. जिथे तो हे काम करत नाही, तिथे त्याला कडक जाब विचारायलाच हवा.

उदाहरणासाठी लांब जायला नको. २०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रातल्या घराघरांत टेबलावर एक छोटं यंत्र आलं. बोटाला लावायचं, थोडं थांबायचं आणि आकडा वाचायचा. ९४च्या वर असेल तर घरीच थांबायचं, खाली गेला तर बेडसाठी फोन सुरू करायचे. आशाताई तेच यंत्र घेऊन दारोदार फिरत होत्या. हे ऑक्सिमीटर त्वचेतून प्रकाश आरपार पाठवून तो किती शोषला गेला त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधतं, आणि त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर २०२०मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी ऑक्सिमीटरचे आकडे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी ताडून पाहिले. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना खरा ऑक्सिजन ८८च्या खाली गेलेला, असं गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा आढळलं, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळा. कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये हे यंत्र चुकतं, असा इशारा १९९०मध्येच छापून आला होता. तीस वर्षं त्यावर कुणी फारसं काही केलं नाही. २०२२च्या आणखी एका अभ्यासात आशियाई रुग्णांमध्येही आकडा खऱ्यापेक्षा जास्त येत असल्याचं दिसलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने निरनिराळ्या वर्णाच्या त्वचेवर ही यंत्रं तपासून घेण्यासाठी नव्या नियमांचा मसुदा काढला तो जानेवारी २०२५मध्ये. रोग वर्ण बघत नाही हे मान्य. पण ते यंत्र वर्ण बघत होतं, आणि गटनिहाय नोंदी नसत्या तर हे समजलं कसं असतं?

सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक आजाराची, गोष्ट तर थेट आपल्या दारापर्यंत येते. अमेरिकेत या आजाराचे सुमारे एक लाख रुग्ण आहेत आणि त्यातले दहातले नऊ कृष्णवर्णीय आहेत. ‘त्यांचा’ आजार म्हणून तो कैक दशकं दुर्लक्षित राहिला. १९७२मध्ये निक्सन यांच्या काळात त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि सरकारी पैसा आला. त्या पैशातून पुढे सरकारी आरोग्य संस्थेने एक चाचणी घेतली. हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कर्करोगावरचं औषध २९९ रुग्णांवर तपासलं गेलं. असह्य वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने कमी झाले, आणि निकाल इतका स्पष्ट होता की १९९५मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. आज तीच गोळी गडचिरोलीतल्या आणि नंदुरबारमधल्या आदिवासी रुग्णांना दिली जाते. विदर्भातल्या कितीतरी घरांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि २०२३मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेतही हे औषध आहे. वॉशिंग्टनमध्ये ‘एका वंशाच्या आजारावर’ झालेल्या खर्चाचं फळ इथल्या गोंड आणि भिल्ल मुलांना मिळतं आहे. असं असूनही अमेरिकेत २००८ ते २०१८ या काळात सिकलसेलच्या दर रुग्णामागे सरकारी संशोधनाचे वर्षाला सरासरी ८१२ डॉलर खर्च झाले, तर प्रामुख्याने गोऱ्यांना होणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसं निकामी करणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या दर रुग्णामागे २,८०७. हा आजारही भयंकर आहे, त्याचा पैसा कापावा असं कुणीही म्हणणार नाही. पण तराजू कुठल्या बाजूला कललेला आहे ते हे दोन आकडे सांगतात.

आता विरोधी बाजूचे मुद्दे घेऊ. ते पोकळ नाहीत, आणि ते टाळून अनुदानांची बाजू मांडणाऱ्यांनी आपलंच नुकसान करून घेतलं आहे.

सगळ्यात वजनदार मुद्दा गरिबीचा. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतला बेरोजगार गोरा खाणकामगार अकाली मरतो, आणि अटलांटातला कृष्णवर्णीय वकील सुखवस्तू असतो. मग मदत उत्पन्नावरून द्या, वंशावरून का? हा प्रश्न न्याय्य आहे. मात्र विरोधकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ही की एनआयएचमधल्या ज्या संस्थेवर सगळा रोख आहे, त्या अल्पसंख्याक आरोग्य व आरोग्य-विषमता संस्थेच्या व्याख्येत दुर्गम ग्रामीण भागातले आणि कमी उत्पन्नाचे लोकही येतात, मग ते कुठल्याही वंशाचे असोत. संस्था बंद झाली तर तो खाणकामगारही त्यातून बाहेर पडणार आहे. शिवाय सगळीच दरी गरिबीतून आलेली नाही. बाळंतपणाशी निगडित मृत्यूंचे आकडे बघा. २०२३मध्ये अमेरिकेत एक लाख जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १४.५ होते, कृष्णवर्णीय मातांचे ५०.३. गरिबीचा फरक म्हणावा, तर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१९मध्ये शिक्षणानुसार हिशेब मांडला होता. पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीला हा धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रीपेक्षा १.६ पट जास्त निघाला. पदवी आहे, तरीही. उत्पन्नाच्या फूटपट्टीत ही स्त्री बसतच नाही, आणि फक्त उत्पन्न मोजणाऱ्या सरकारला ती दिसणारही नाही.

‘सगळ्यांसाठी करा, मग ते सगळ्यांपर्यंत पोहोचेल’ हा युक्तिवाद मराठी माणसाला नवा वाटू नये. इंग्रज सरकारनेही असंच म्हटलं होतं, वरच्या वर्गाला शिकवा म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल. १८८२मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे या झिरपत्या सिद्धांतावर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. सरकारचा महसूल शेतात राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. काही झिरपत नाही, कारण वाट कुठे अडली आहे हे कुणी बघत नाही. त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली ती सगळ्यांसाठीच. पण शाळेबाहेर राहणारी मुलं कोणाची आहेत, हे नावानिशी सांगितल्याशिवाय ते थांबले नाहीत.

सगळ्यांसाठीची योजना आणि वाट अडलेल्यांवर खास लक्ष, ही जोडी जमली की काय होतं ते डेलावेअर या छोट्या राज्याने दाखवलं आहे. २००३च्या सुमारास राज्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची तपासणी आणि ज्यांना विमा नाही त्यांचे उपचार यांची सोय केली. योजना सर्वांसाठी होती. पण त्याचबरोबर परिचारिका नेमल्या. त्या लोकांना शोधून काढायच्या, कोलोनोस्कोपीची, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासण्याची, वेळ ठरवून द्यायच्या, त्या दिवशी माणूस आला की नाही ते बघायच्या. कृष्णवर्णीय वस्त्यांकडे जाणूनबुजून जास्त लक्ष दिलं. २००२मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांपैकी ४८ टक्क्यांचीच तपासणी झालेली होती. २००९पर्यंत ती ७४ टक्क्यांवर गेली, गोऱ्यांच्या बरोबरीला. नव्याने कर्करोग होण्याचं प्रमाणही दोन्ही गटांत सारखं झालं, आणि हे करताना गोऱ्यांमधलंही ते घटलं. अशी हात धरून नेणारी माणसं नेमण्याची कल्पना मुळात १९९०मध्ये न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत डॉ. हॅरल्ड फ्रीमन यांनी राबवली. त्याच वर्षी त्यांच्या एका लेखाने अमेरिकेला हादरवलं होतं. हार्लेममधल्या कृष्णवर्णीय पुरुषाची पासष्टी गाठण्याची शक्यता बांगलादेशातल्या पुरुषापेक्षाही कमी आहे, असं त्यात आकडेवारीने दाखवलं होतं.

दुसरा मुद्दा शास्त्राचा. वंश ही जीवशास्त्रीय वस्तू नाही, समाजाने आखलेली रेघ आहे. मग शास्त्राने ती का मानावी? अर्धा मुद्दा पूर्ण खरा आहे, आणि वैद्यकाने तो विसरून मोठं नुकसान केलं आहे. मूत्रपिंड किती काम करतं हे रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढण्याच्या सूत्रात १९९९पासून कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तर १.२१ने गुणायचं. म्हणजे तेच रक्त, तेच वय, पण कागदावर मूत्रपिंड जास्त धडधाकट. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत वेळ मोजायला सुरुवात होते ती हा आकडा २० किंवा त्याखाली आल्यावर. त्या एका गुणाकारामुळे माणसं यादीत उशिरा आली. २०२१मध्ये वंशाचा गुणक काढून टाकलेलं सूत्र आलं, आणि २०२३पासून हजारो कृष्णवर्णीय रुग्णांचा हुकलेला प्रतीक्षाकाळ त्यांच्या खात्यात जमा करण्यात आला. ‘वंश बघूच नका’ म्हणणाऱ्यांना यात आपला विजय दिसेल. पण हुकलेला काळ परत कुणाला द्यायचा, हे रुग्णालयांना कळलं कशावरून? नोंदवहीत वंश लिहिलेला होता म्हणून. सूत्रातून वंश काढायचा आणि हिशेबात तो ठेवायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात. सूत्रात वंश माणसाच्या शरीराबद्दल खोटं बोलतो, हिशेबात तो व्यवस्थेने त्याला कसं वागवलं ते खरं सांगतो. हा फरक न करता ‘वर्गवारीच अशास्त्रीय’ म्हणून अनुदान तोडणं म्हणजे ताप वाढला म्हणून थर्मामीटर फोडणं आहे.

आपल्याकडे याची उलट बाजू पाहायला मिळते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८मध्ये आदिवासींच्या आरोग्यावरचा अहवाल दिला, तेव्हा समितीसमोरची पहिली अडचण होती ती माहितीची. दहा कोटींहून जास्त लोकसंख्या, आणि त्यांच्या आरोग्याचे स्वतंत्र आकडे बहुतेक ठिकाणी ठेवलेलेच नव्हते. जिल्ह्याच्या सरासरीत आदिवासी पाड्यावरचं बाळ हरवून जातं.

अमेरिकी राज्यघटनेच्या बाजूने येणारा तिसरा आक्षेप असा की सरकारने नागरिकाचा वंश पाहूच नये. विद्यापीठ प्रवेशात वंश बघण्याला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली, त्या २०२३च्या हार्वर्ड प्रवेशाच्या निकालानंतर हा सूर आणखी चढला. तत्त्व म्हणून ते सुंदर आहे. पण इतिहास काय सांगतो? १ जुलै १९६६ला मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, सुरू झालं, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रुग्णालयांत काळ्यांचे वॉर्ड वेगळे होते, कित्येक ठिकाणी त्यांना प्रवेशच नव्हता. नागरी हक्क कायद्याच्या आधारे सरकारने अट घातली की भेदभाव असेल तर मेडिकेअरचा एक पैसा मिळणार नाही. निरीक्षक गेले आणि कुठल्या खाटेवर कोण झोपलं आहे ते त्यांनी मोजलं. चार महिन्यांच्या आत सुमारे हजार रुग्णालयांनी वॉर्ड एकत्र केले. पुढच्या वर्षांत मिसिसिपीत जुलाब आणि न्यूमोनियाने दगावणाऱ्या कृष्णवर्णीय बाळांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. डोळे मिटलेल्या सरकारला ते वॉर्ड कसे दिसले असते? ज्या सरकारने अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं ३९९ सिफिलिसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून त्यांचं नुसतं निरीक्षण केलं, तेही वंश बघणारं सरकार होतं, हे मी विसरत नाही. फरक असा की टस्कीगीत माणसांना काहीच विचारलं नव्हतं, काही सांगितलंही नव्हतं. वंश बघण्याला अट हवी ती ही, की ज्यांना बघितलं जातं त्यांचा त्यात आवाज असावा.

आणि चौथा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त बोचतो. १९८५मध्ये रेगन सरकारच्या आरोग्यमंत्री मार्गारेट हेकलर यांनी अहवाल काढला. अल्पसंख्याकांमध्ये दर वर्षी सुमारे ६० हजार मृत्यू असे होतात, जे गोऱ्यांइतका मृत्युदर असता तर झाले नसते, असं त्यात होतं. म्हणजे या सगळ्या कार्यक्रमाचा उगम रिपब्लिकन सरकारात आहे. त्यानंतर या विषयासाठी सरकारी कार्यालय झालं, २०००मध्ये एनआयएचमध्ये केंद्र, आणि २०१०मध्ये त्या केंद्राची वर सांगितलेली संस्था. चाळीस वर्षांनीही माता-मृत्यूंमध्ये साडेतीन पट फरक आहे. मग एवढा पैसा गेला कुठे? टीकाकार म्हणतात, शोधनिबंधांत. त्यांच्या या म्हणण्यात तथ्य आहे. दरी आहे हे सिद्ध करणारे निबंध हजारोंनी निघाले, दरी बुजवून दाखवणारे थोडे. जे आधीच माहीत आहे तेच नव्या शब्दांत पुन्हा मोजणाऱ्या प्रकल्पाला पुन्हा पैसा मिळू नये, असं मलाही वाटतं. मात्र या क्षेत्रावर पैसा उधळला जातोय, ही समजूत चुकीची आहे. एनआयएचच्या जवळपास ४७ अब्ज डॉलरच्या वार्षिक खर्चात या संस्थेच्या वाट्याला एक टक्क्याच्या आसपास रक्कम येते. २०२६च्या अर्थसंकल्पाच्या प्रस्तावात तर ती संस्थाच बंद करण्याची शिफारस होती.

चाळीस वर्षांत काहीच झालं नाही म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या मूळ आदिवासी जमातींचा मधुमेह कार्यक्रम बघावा. १९९७मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वर्षाला तीन कोटी डॉलर मंजूर केले, पुढे ते पंधरा कोटींपर्यंत वाढवले. हा पैसा मोठ्या विद्यापीठांकडे न जाता बहुतांशी जमातींच्या आणि वस्तीवरच्या दवाखान्यांकडे गेला, आणि कार्यक्रम कसा चालवायचा यात जमातींचा शब्द चालला. पायांची तपासणी, डोळ्यांची तपासणी, मूत्रपिंड वाचवणारी रक्तदाबाची औषधं, घरी जाऊन पाठपुरावा. यात नवा शोध कुठलाही नव्हता. होता तो वर्षानुवर्षं न तुटणारा पैसा आणि दर वर्षी काढलेला हिशेब. १९९६ ते २०१३ या काळात या जमातींमध्ये मधुमेहामुळे मूत्रपिंड निकामी होण्याचं प्रमाण ५४ टक्क्यांनी घटलं. डायलिसिसचा एक रुग्ण सरकारला वर्षाला किती महाग पडतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली बचत वेगळी समजावून सांगायला नको. हे अनुदान शुद्ध गटनिहाय होतं. उत्पन्न न बघता दिलेलं, आणि अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्यातल्या मोठ्या यशांपैकी एक.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांना हा सगळा काळ्या-गोऱ्यांचा वाद वाटतो, ‘आपला काय संबंध’ असा. संबंध छातीत आहे. २०००मध्ये सुरू झालेल्या हृदयरोगाच्या मोठ्या बहुवंशीय अभ्यासात गोरे होते, कृष्णवर्णीय होते, हिस्पॅनिक होते, चिनी होते. दक्षिण आशियाई नव्हते. चाळिशीतले, न पिणारे, शाकाहारी, सडपातळ भारतीय पुरुष हृदयविकाराने जातात, हे प्रत्येक मराठी मंडळाला माहीत होतं, पण डॉक्टरच्या संगणकातली धोका-तालिका त्यांना ‘कमी धोका’ सांगत होती. २०१०पासून एनआयएचच्या अनुदानावर सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या दक्षिण आशियाईंचा ‘मसाला’ नावाचा अभ्यास सुरू झाला. सुरुवातीच्या फेरीत ९०६ जण होते. हृदयाच्या धमन्यांमधला कॅल्शियम, पोटाभोवतीची आणि यकृतातली चरबी, साखर, सगळं मोजलं गेलं. कमी वजनातही मधुमेह कसा गाठतो ते त्यात दिसलं. २०१५मध्ये अमेरिकन मधुमेह संघटनेने आशियाई वंशाच्या लोकांना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २५ऐवजी २३ असतानाच साखर तपासायला सांगितलं. २०१८च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला गेला. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या डॉक्टरने आज एखाद्या मराठी इंजिनिअरला वेळेवर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध सुरू केलं, तर त्यामागे ‘कृत्रिम वर्गवारी’वरचा असाच सरकारी पैसा आहे.

म्हणून बे एरियात, टेक्सासमध्ये, न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मतदारांना माझं सांगणं आहे. दवाखान्याच्या फॉर्मवर वंशाचा रकाना कोरा सोडू नका. ‘आशियाई’वर न थांबता जिथे सोय असेल तिथे ‘भारतीय’ लिहा. अभ्यासाचं बोलावणं आलं तर जा. आणि दर वर्षी आरोग्य खात्याचं खर्चाचं विधेयक काँग्रेसपुढे येतं, तेव्हा आपल्या प्रतिनिधीला पत्र पाठवा. त्यात ही संस्था ठेवा असं तर लिहाच, पण सोबत हेही लिहा की पाच वर्षांच्या अनुदानाला मुदतवाढ देताना किती निबंध छापले हे विचारू नका, त्या गटातले किती मृत्यू, किती डायलिसिस, किती हृदयविकार टळले ते विचारा, आणि ते विचारणाऱ्या समितीत त्या गटातली माणसं बसवा.